रिकामं बटण

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला होते. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी अख्खा क्रेट मागं पाठवायचे, त्यामुळं लाइनवरचे पुरुषसुद्धा मला टरकून असायचे. नवरा म्हणतो, तू मंडईत वांग्यालाही रिजेक्शनचा शिक्का मारशील. म्हणू दे. पण एवढी माझी नजर, आणि माझ्याच घरात, माझ्याच गळ्याच्या बाबतीत चार वर्षं काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. आठवलं की अजून डोकं सणकतं.

नवऱ्याचं नाव नागसेन. चिखलीत आमच्या घरामागं पत्र्याची एक लांब शेड आहे. पुढच्या अर्ध्या भागात लोखंडी पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसचं वर्कशॉप, मागचा भाग नागसेननं भाड्यानं घेतलेला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर आणि एक बरा माईक आणला, झाला स्टुडिओ. जयंतीची गाणी, वाढदिवसाची गाणी, दुकानाच्या उद्घाटनाची गाणी, येईल ते काम. गाणारी मीच. मंडळांच्या फ्लेक्सवर माझा फोटो लागायचा, खाली नाव, विजयश्री. लाइनवरच्या पोरी मोबाइलवर दाखवायच्या तेव्हा मी वरवर दटावायचे आणि आतून फुलून जायचे.

अडचण एकच, ती प्रेस. एकदा सुरू झाली की धाड धाड, जमीन हादरते तेसुद्धा माईकमध्ये येतं. आमच्याकडं वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी आणि माझ्या कंपनीला रविवारी. म्हणजे शेड शांत असायची तेव्हा मी चाकणला, आणि मी घरी असायचे तेव्हा प्रेस चालू. मग आम्ही रविवारी प्रेसवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग उरकायचो. ते डबे उघडायचे आणि मी तोंड उघडायचे. मशीन परत सुरू व्हायच्या आत होईल तेवढं गाणं. उरलेली साफसफाई नागसेन गुरुवारी करायचा. त्या दिवशी आत्या त्याला दुपारचा डबा घेऊन जायच्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गिरजाबाई. मावळातल्या खेड्यातल्या. आमचं दोघींचं रोज कशावरून तरी वाजायचं, कधी मिठावरून, कधी मी नवऱ्याला नावानं हाक मारते त्यावरून. माझ्या गाण्याला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. जयंतीला चौकात माझं गाणं लागलं की त्या उठून घरात जायच्या. मला वाटायचं, सुनेचं नाव झालेलं बघवत नाही म्हातारीला. मग मीपण मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचे.

तर गेल्या महिन्यात सांगवीच्या यशवंतरावांचा फोन आला. त्यांचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा आहे, गावोगाव कार्यक्रम असतात, वर्षभर. त्यांनी आमचं पाटी-पेन्सिलीचं गाणं कुठल्याशा मंडपात ऐकलं होतं. त्यात शेवटी वरचा लांब सूर आहे, त्यावर ते वेडे झाले होते. म्हणाले, मुख्य गायिका म्हणून या, पण आमच्याकडं तयार ट्रॅक वाजवत नाहीत, वादक वाजवतात आणि बाई गाते. मी म्हटलं, त्यात काय एवढं. आजवर स्टेजवर मी गायले ती मागं आवाजासकट पूर्ण गाणं लावून, माईकचा आवाज कमीजास्त करणारा नागसेन. पण माझंच गाणं, माझाच गळा, मला कशाची भीती असणार? दुसऱ्याच दिवशी कंपनीत राजीनामा दिला. नागसेन म्हणाला, घाई करू नकोस. मी त्याच्यावर खेकसले. शनिवार माझा शेवटचा दिवस ठरला आणि रविवारी सांगवीत तालीम.

त्या शेवटच्या आठवड्यात एक सुट्टी शिल्लक होती, ती गुरुवारी टाकली. नागसेन सकाळीच मोशीला कुणाच्या हळदीचं साउंड लावायला गेला होता. मी त्याला काही न सांगता किल्ली घेतली आणि शेडमध्ये जाऊन बसले. प्रेस बंद, सगळीकडं सामसूम. म्हटलं, आज पोटभर रियाज करू आणि रेकॉर्ड करून ऐकू.

सॉफ्टवेअर मला थोडंफार येत होतं, पण एकटीनं करायचं म्हणजे वैताग. रेकॉर्ड सुरू करायला खुर्चीपाशी जा, माईकपाशी पळत ये, चुकलं की परत जा, गाणं मागं न्या, परत पळा. दोन-तीनदा केलं आणि माझं टाळकं फिरलं. मागं नेणं आणि रेकॉर्ड करणं, दोन्ही एका बटणावर आलं पाहिजे. तशी सोय असते त्यात. एक खिडकी उघडते, त्यात काम निवडायचं आणि आपल्याला हवं ते बटण दाबायचं. बटण रिकामं असलं तर काम त्याला चिकटतं. रिकामं नसलं तर ते आधीच कुठल्या कामाला लावलंय ते लाल अक्षरात दिसतं.

मी रिकामं बटण शोधायला लागले. एफ वन, लाल. एफ टू, लाल. अख्खी ओळ भरलेली. मग कंट्रोल दाबून एकेक अक्षर, तेही भरलेलं. या सॉफ्टवेअरवाल्यांना दुसरा उद्योग नाही का, असं वाटलं. पण मी क्वालिटीची बाई, एक नग सोडून पुढं जायची सवय नाही. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून परत ए-पासून सुरुवात केली. इकडं बरीच बटणं रिकामी निघाली. खरं तर पहिल्यालाच काम झालं होतं. पण हात लागलाच होता, म्हटलं सगळी बघून ठेवू, पुढं उपयोगी पडतील.

कंट्रोल, शिफ्ट, जी. लाल अक्षरं आली. बटण वापरात आहे, कामाचं नाव ‘आई’.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पण आईच. मी दोनदा वाचलं. बाकी सगळी नावं सॉफ्टवेअरवाल्यांची, हे एकच नागसेननं घातलेलं. मला हसूच आलं, या येड्यानं आईच्या नावाचं बटण कशाला केलंय. खिडकी बंद केली आणि दाबलं.

समोर पडद्यावर पाटीचं गाणं उघडलेलं होतं. माझ्या आवाजाच्या लाल पट्ट्या होत्या, त्यांच्या खाली एकदम निळ्या पट्ट्या उलगडल्या. पाच-सहा असतील. तिथं कधी काही होतं हेच मला माहीत नव्हतं. परत दाबलं, गायब. परत दाबलं, हजर. हेडफोन लावले आणि वरची एक निळी पट्टी एकटीच वाजवली.

एक बाई गात होती. मागं ढोलकी नाही, बाजा नाही, नुसता गळा. शेवटचा वरचा सूर तिनं धरला आणि धरूनच ठेवला. मी हा सूर हजारदा ऐकला होता. चौकात, रिक्षात, लाइनवरच्या पोरींच्या मोबाइलवर. तो माझा सूर होता. आणि तो मी गात नव्हते.

मग मी माझी लाल पट्टी एकटी लावली. तिच्यात मी त्या सुरापर्यंत जात होते, जवळजवळ पोचत होते, आणि तेवढ्यात धाड, प्रेस. त्याच्या पुढं पट्टी कापलेली. मग सगळं गाणं लावलं आणि निळ्या पट्ट्या बंद केल्या, तर गाणं असं बसकं झालं की मला माझीच लाज वाटली. निळ्या चालू ठेवून माझ्या बंद केल्या. फारसा फरक पडला नाही.

जुनी गाणी उघडली. एक उघडलं, बटण दाबलं, निळं. दुसरं उघडलं, निळं. पहिल्या गाण्यात एकच छोटी निळी पट्टी, शेवटच्या सुरापुरती. पुढच्या गाण्यांत ती वाढत गेलेली. अलीकडच्या गाण्यांत तर माझा आवाज पातळ करून खाली घातलेला, वर सगळं निळंच. चार वर्षं मी मशीननं आवाजाला जरा चकाकी येते असं समजून होते. कसली चकाकी! मी ज्या टाळ्या घेतल्या, जे फ्लेक्स लावून घेतले, ज्याच्या जिवावर नोकरी सोडली, ते सगळं दुसरीचं होतं. आणि बटणावर जिचं नाव होतं, ती दुसरी घरात माझ्या हातचं जेवून मला नावं ठेवत होती.

दार वाजलं. आत्या डबा घेऊन आल्या होत्या, गुरुवार म्हणून नेहमीसारख्या. मला बघून दचकल्या, नागू कुठंय म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर दाबला आणि निळी पट्टी लावली. म्हटलं, आता बघू काय सोंग करते ही.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तोंड उघडं पडलं. दोन्ही हातांनी त्यांनी हेडफोन कानांवर गच्च धरला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“ही माझी आई हाय,” त्या म्हणाल्या. “माझी आई गातीय. कुठं घावली तुला?”

मी बघतच राहिले. माझ्या रागाला कुठं उभं राहावं तेच कळेना. त्या हेडफोनमुळं मोठ्यानं बोलत होत्या. जात्यावर अशीच गायची माझी आई, तुझ्या गाण्यात वर आवाज चढला की मला तिची आठवण यायची, ऐकवायचं न्हाई म्हणून मी घरात जायची, असं काय काय. आत्या परकर-पोलकं घालायच्या वयाच्या असतानाच त्यांची आई वारली होती. तिचा आवाज कुणी कधी भरून ठेवलेला नव्हता.

मी हेडफोन काढला. “आत्या, ही तुमची आई नाही. तुम्ही आहात.”

“न्हाई गं. माझा आवाज असा न्हाई.”

स्वतःचा आवाज बाहेरून त्यांनी जन्मात कधी ऐकलाच नव्हता. पटेना त्यांना. मी विचारलं, गुरुवारी इथं तुम्ही गाता का? तर व्हय म्हणाल्या, जरा जरा गाते, नागू म्हणतो चाल बसतीय का बघायची हाय, तू म्हण, मग पुसून टाकतो. माईक पुढं असायचा, पण तो काय करतो ते त्यांना काय ठाऊक. मी खालची दुसरी निळी पट्टी लावली, या खेपेला स्पीकरवर. अर्ध्यात कुठंतरी गाता गाता एक खोकला आला, त्यांचाच, रोज पहाटे घरात ऐकू येतो तो. आत्यांनी पदराचा बोळा तोंडावर धरला. डबा उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

नागसेन आला तो आम्हाला असं बसलेलं बघूनच पांढरा पडला. पडद्यावर निळ्या पट्ट्या दिसत होत्या, त्याला काही विचारायची गरजच नव्हती. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्यानं मान खाली घालून सगळं कबूल केलं. पहिल्या गाण्यात माझ्या शेवटच्या सुरावर प्रेसचा दणका आला होता. मंडळाची माणसं गाणं न्यायला दारात उभी, मी चाकणला शिफ्टमध्ये, आणि आई समोर डबा घेऊन. तेवढा एक सूर तिच्याकडून म्हणून घेतला. लोकांनी नेमक्या त्याच सुराला वन्समोअर दिला. पुढच्या गाण्याला मंडळवाले म्हणाले, तसलाच सूर पाहिजे. मी रविवारी असायचे तेव्हा पट्ट्या पटकन लपवता याव्यात म्हणून ते बटण.

“तुला सांगितलं असतं तर तू गाणंच सोडलं असतंस,” तो म्हणाला.

“आणि आईला?”

तो माईकची वायर गुंडाळायला लागला. मला वाटलं होतं आत्या त्याच्या एक थोबाडीत ठेवून देतील. पण त्या नुसत्या स्पीकरकडं बघत होत्या.

मग त्यानंच तोडगा काढला. यशवंतरावांकडं मागं कोरसच्या बायका उभ्या असतात, त्यांना माणसं कमीच पडतात. आईला त्यांच्यात उभी करू. वरचा सूर आला की विजूनं माईक जरा लांब धरायचा, आई मागून म्हणेल, आवाज शेवटी एकाच स्पीकरमधून येतो. मी म्हटलं, तुला लाज वाटते का. तर आत्याच म्हणाल्या, “मला काय, मी मागं ऱ्हाईन. तिची नोकरी गेली की रं.”

शुक्रवारी कंपनीत सुपरवायझर म्हणाला, राजीनाम्याचा कागद अजून मागं घेता येईल. मी नको म्हटलं, मागं फिरले तर सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं. जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या वॉशरूममध्ये नळ सोडून तो वरचा सूर लावून बघितला, दोनदा आवाज फाटला. तरी नको म्हटलं. शनिवारी ओळखपत्र जमा केलं, पोरींनी केक कापला, आम्हाला विसरू नका म्हणाल्या. मी हसत हसत केक वाटला.

रविवारी सांगवीत गेलो. यशवंतरावांनी आत्यांना कोरसमध्ये घ्यायला लगेच होकार दिला. हॉलमध्ये वादक मांडून बसले होते, स्वतः यशवंतराव बाजाची पेटी घेऊन. पाटीचं गाणं सुरू झालं. पहिली दोन कडवी मी गायले, आणि बरी गायले, ते खोटं नाही. मग तो सूर आला. मी माईक लांब नेला, तोंड उघडं ठेवलं, आणि माझ्या पाठीमागून तो सूर निघाला.

मी आजवर तो रेकॉर्डिंगमधूनच ऐकला होता. आमच्या शेडमध्ये आत्या दबक्या आवाजात गायच्या, पोराचं काम बिघडू नये म्हणून. इथं पहिल्यांदा त्यांनी गळा मोकळा सोडला. ढोलकीवाल्याचा हात क्षणभर चुकला. मी तोंड वासून उभी होते आणि मला माझी एवढी शिसारी कधी आली नव्हती.

यशवंतराव डोळे मिटून वाजवत होते. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले, म्हणाले, विजयश्रीताई, याच सुरासाठी बोलावलं तुम्हाला, उद्या पोस्टर छापायला टाकतो, सगळ्यात वर तुमचं नाव. मी मागं बघितलं. आत्या पदर सारखा करत होत्या आणि माझ्याकडं बघून हसत होत्या, खरंखुरं, सुनेचं काम झालं म्हणून. नागसेन दारापाशी हात जोडल्यासारखा उभा. सगळं जमलं होतं. मी नुसतं आभारी आहे म्हणायचं होतं. आणि खरं सांगते, ते शब्द माझ्या ओठावर आले होते. परत जायला कंपनी उरली नव्हती, नवऱ्याची कमाई कशीबशी भाड्याला पुरते, आणि वयाच्या पस्तिशीत मला दुसरं काय येतं?

“तो सूर माझा नाही,” मी म्हटलं. माईक हातात होता, त्यामुळं ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. “एकाही गाण्यातला नाही. तो यांचा आहे.”

आत्यांनी मागून माझा दंड असा चिमटला की चार दिवस वळ होता. गप गं, म्हणत होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढं ओढलं. यशवंतराव आधी माझ्याकडं बघत राहिले, मग आत्यांकडं. त्यांनी बाज्यावर तो सूर दिला आणि मानेनं खूण केली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मी हो म्हटलं, तेव्हा कुठं त्या गायल्या. एकट्या, पुढं उभ्या राहून, माझा हात गच्च धरून. मला आनंद झाला असं म्हणणार नाही. माझं जे काही होतं ते माझ्या डोळ्यांदेखत माझ्या हातातून गेलं, आणि ते माझं नव्हतंच, म्हणून कुणावर चिडायचीही सोय नव्हती. मी उभ्या उभ्या ढसाढसा रडले.

सूर संपल्यावर यशवंतराव उठून उभे राहिले. त्यांनी आत्यांना जय भीम घातला आणि विचारलं, “बाई, आजवर कुठं कुठं गायलात?”

आत्या लाजल्या. “कुठंच न्हाई, साहेब.”

“सगळीकडं गायल्यात,” मी म्हटलं. “भोसरीत, मोशीत, चिखलीत, चार वर्षं प्रत्येक चौकात. त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं.”